कानाला दोन बटणं

“आजी, खरं सांगा. बाळाचा कान कुणी ओढला?”

डॉक्टर परकारांनी हे विचारलं आणि खोलीतली झाडून सगळी माणसं माझ्याकडे बघायला लागली. माझी लेक शैला मांडीवर बाळ घेऊन बसलेली, जावई अरविंदराव तिच्या खुर्चीमागे उभे, आणि अरविंदरावांच्या आई, म्हणजे माझ्या विहीणबाई, कोपऱ्यातल्या स्टुलावर तोंडाला पदर लावून बसलेल्या.

“मी नाही ओढला,” मी म्हटलं.

“तिला नका विचारू डॉक्टर,” शैला म्हणाली. “आईचं काही खरं धरायचं नसतं.”

पोटची पोर असं म्हणाली. पण खोटं कुठं बोलली ती? माझ्या लग्नाच्या वरातीत वाशिष्ठीतली मगर आली होती आणि माझ्या सासऱ्यांनी तिला पानसुपारी देऊन परत पाठवली, हे माझं सगळ्या चिपळूणला सांगून झालं होतं. काही जणांना ती मगर आता आठवायलाही लागली होती. गोष्ट जरा फुगवल्याशिवाय माझ्या घशाखालून उतरत नाही, त्याला मी काय करू?

पण त्या दिवशी अंगाशी आलं ते माझंच. पाचवीच्या पूजेला घरात पाहुणे भरले होते, कुणीतरी म्हणालं, शैलाचे कान किती छान बसलेत. मी म्हटलं, “जन्मली तेव्हा सुपाएवढे होते. लोट्यात निखारे घालून इस्त्री केली मी त्यांना, रोज सकाळ-संध्याकाळ.” लोक पोट धरून हसले. विहीणबाई तेवढ्या हसल्या नाहीत.

आता त्या स्टुलावरून म्हणाल्या, “पाचवीला सगळ्यांसमोर सांगत होत्या. कान इस्त्री करतात म्हणून.”

“अहो, ती गंमत होती.”

“गंमत कुठली आणि खरं कुठलं, हे आम्ही कसं ओळखायचं?” अरविंदराव म्हणाले. हळूच म्हणाले, पण म्हणाले.

डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. तरुण पोरगा, रत्नागिरीहून आठवड्यातून एकदा चिपळूणला यायचा, बाजारपेठेतल्या एका जुन्या दवाखान्यात बसायचा आणि दुपारी जेवून परत जायचा. कान, नाक, घसा. त्याच्याकडे आमची ही दुसरी खेप.

झालं होतं असं. बाळ जन्मलं तेव्हा त्याचे कान जास्वंदीच्या पाकळीसारखे होते, हे मी फुगवून सांगत नाही, सुईणीनंही बघितलं होतं. पाचवी झाली, आणि मग एका सकाळी आंघोळ घालताना अनशीबाई मालीशवाली म्हणाली, “काकू, हे बघा ओ.” उजव्या कानाचा वरचा भाग टपोरा झालेला. आतली वळणं सगळी बुजलेली, जसा काही कुणी त्या कानात करवंदाचं बी पेरलं आणि ते फुगलं. लाल नाही, गरम नाही, हात लावला तरी पोर रडत नव्हतं. त्याचीच मला जास्त भीती वाटली. दुखतंय असं कळलं की निदान काय करायचं ते सुचतं.

पहिल्या खेपेला डॉक्टरांनी खिडक्या लावल्या, दिवा घालवला आणि कानामागून बॅटरी धरली. सगळा फुगा आतून उजळला, कंदिलाच्या काचेसारखा.

“पू असता तर असं दिसलं नसतं,” ते म्हणाले. “रक्त साकळलेलं असतं तरी नाही. आणि रक्तवाहिन्यांची गाठ असती तर बाळ रडल्यावर वाढली असती, निळसर दिसली असती. हे पाणी आहे. कानाच्या कुरकुरीत हाडात, त्याच्या पदरांमधे साठलंय. हमाली करणाऱ्यांना होतं, कानावर ओझं घासून. इतक्या लहान बाळात मी पहिल्यांदाच बघतोय.”

बारीक सुईनं त्यांनी पाणी काढलं. एरंडेलासारखं पिवळसर, चिकट. कापूस लावून पट्टी बांधली आणि मालीश बंद करायला सांगितली. पाचवी करून दापोलीला गेलेल्या विहीणबाई पुन्हा धावत आल्या, त्यांनी सगळा दोष अनशीबाईवर घातला आणि तिला दारातूनच परत लावली. पट्टी निघाली, दोन दिवस कान बरा दिसला. तिसऱ्या दिवशी तो पुन्हा भरला, पहिल्यापेक्षा जास्त. बाळाचं बारसं पुढं ढकललं. शैलाच्या घशाखाली घास उतरेना, मग तिचं दूध कमी झालं, मग बाळ भुकेनं रडायला लागलं आणि घरातला प्रत्येक जण दुसऱ्याकडे बघायला लागला, की तू काय केलंस?

“हे बघा,” डॉक्टर आता म्हणाले, “एकदा पाणी काढून परत भरतंय याची दोनच कारणं. एक तर कानावर काहीतरी सारखं दाबतंय, घासतंय. बाळाला झोपवता कशावर?”

“राईच्या उशीवर,” शैला म्हणाली. “सासूबाईंनी आणलीय, त्यांच्या घरची.”

“ती मऊच असते. चालेल.” त्यांनी कागद ओढला. “मग दुसरं कारण. हे पाणी म्हणजे साधी गोष्ट नाही, आत काहीतरी वेगळी गाठ आहे. तसं असेल तर मी इथं हात लावणार नाही. मुंबईला न्या. भूल देऊन कान उघडून बघावा लागेल.”

“एवढ्याशा बाळाला भूल?” शैला म्हणाली.

“धोका असतो. पण ठेवून दिलं तर हे पाणी हाड खाऊन टाकतं, कान कायमचा चुरगळतो. आत पू झाला तर त्याहून वाईट. आज संध्याकाळच्या गाडीनंच निघा. मी चिठ्ठी देतो.”

रिक्षात शैला बाळाच्या तोंडाकडे बघत होती आणि मी रस्त्याकडे. मला एवढंच दिसत होतं की एवढ्याशा नाकावर कुणीतरी रबरी टोपी ठेवतंय आणि पोर पुन्हा जागंच होत नाही.

घरी आल्यावर अरविंदराव गाडीची तिकिटं काढायला एस.टी. स्टँडवर गेले. शैला बॅग भरायला लागली. लंगोट, दुपटी, ग्राइप वॉटर. मधेच म्हणाली, “आई, उशी कुठं गेली त्याची?”

मी बघायला मागल्या पडवीत गेले. तर विहीणबाई जमिनीवर बसलेल्या, पुढ्यात सूप, आणि उशीची शिवण दातांनी तोडत होत्या. सुपात राई भसाभस सांडत होती.

“विहीणबाई, मुंबईला निघायच्या वेळी राई कसली पाखडताय?”

त्या दचकल्या आणि उशी पदराखाली ओढायला गेल्या. त्या ओढाताणीत उशीतून काहीतरी निसटलं आणि सुपात पडलं. अडकित्ता. सुपारी कातरायचा, चंचीत मावेल एवढा. पातं लोखंडाचं, दांड्या पितळेच्या, आणि एका दांडीच्या टोकाला घोड्याचं तोंड.

मी तो उचलला. घोड्याच्या तोंडावरून अंगठा फिरवला. माझ्या अंगठ्याला कळलं, मला समजायच्या आधी.

“राई सरकते,” विहीणबाई म्हणाल्या. “मला वाटलं राईत बुडून राहील तो. अगदी तळाशी शिवला होता. सरकून वर आला असेल.”

“कधी शिवलात?”

“पाचवीला. आमच्या घरची रीत आहे. बारशापर्यंत बाळाच्या डोक्याखाली तो असतो, लोखंड असलं की काही जवळ येत नाही. कुणाला सांगायचं नाही, सांगितलं की त्याचा गुण जातो.”

सुपारीचा व्यापार त्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या, तेव्हा लोखंड म्हणजे अडकित्ताच असणार. आणि पोराला सवय उजवीकडेच मान वळवायची, कारण उजवीकडे आई. कितीही सरळ ठेवा, दुसऱ्या मिनिटाला कान उशीत.

माझ्या डोक्यात पहिल्यांदा काय आलं ते सांगते. अनशीबाईला दारातून परत लावलीत. मला डॉक्टरसमोर उभं केलंत. आता चला पुढच्या खोलीत, आता मी सांगते आणि तुम्ही ऐका. मी उठलेसुद्धा.

त्यांनी माझं मनगट धरलं.

“दवाखान्यातच सांगणार होते. ‘काहीतरी दाबतंय’ म्हणाला ना तो, तेव्हाच माझ्या ध्यानात आलं. पण जीभ उचलली नाही.”

“आता उचला. नाहीतर त्या पोराला भूल देऊन कान फाडतील.”

“उचलते. पण मग अरविंद विचारेल, का ठेवलास? एवढी शिकलेली तू, शाळेत शिकवायचीस, तू कसा ठेवलास? काय सांगू त्याला?” त्यांचा आवाज इतका खाली गेला की मला वाकावं लागलं. “अरविंदच्या आधी एक होता. त्याच्या वेळी मी सासूबाईंना म्हटलं, हे असलं मी मानत नाही. अडकित्ता काढून टाकला उशीतून. पाळण्यात होता सकाळी. मी न्हाऊन आले तर...”

त्यांनी सुपातली राई मुठीत घेतली आणि तशीच सोडली.

“अरविंदला ठाऊक नाही. घरात कुणी नाव काढत नाही.”

सुपातली राई त्यांच्या पायाखाली सगळीकडे पसरली होती. मी खाली बसले. विहीणबाईंना मी त्याआधी कधी नीट बघितलंच नव्हतं. माझ्या मगरीला ‘हे शक्य नाही’ म्हणणारी बाई, एवढीच माझ्या लेखी त्यांची ओळख.

“द्या इकडे ते,” मी म्हटलं, आणि अडकित्ता कनवटीला लावला.

पुढच्या खोलीत जाऊन मी शैलाला म्हटलं, “बॅग राहू दे. डॉक्टर जायच्या आत गाठू या. उशीत अडकित्ता होता, त्यानं कान दाबला जात होता.”

ती सरळ झाली. “उशीत? कुणी ठेवला?”

“मी.”

“ही थाप आहे ना तुझी?”

“नाही.”

“आई, आज नको. माझ्या पाया पडते, आज तरी नको.”

मी अडकित्ता काढून तिच्या पुढ्यात ठेवला. तिनं तो बघितला. मग माझ्याकडे बघितलं. एवढी वर्षं मी तिला थापा मारल्या, त्यातली एकही तिनं कधी गिळली नव्हती. ही पहिलीच, आणि अख्खी गिळली.

“आणि मघाशी त्यांनी विचारलं, खरं सांगा म्हणून विचारलं, तेव्हा तू गप्प बसलीस?”

“हो.”

तिनं बाळ उचललं. “माझ्या बाळाला पुन्हा हात लावायचा नाही,” म्हणाली.

दारात विहीणबाई उभ्या होत्या. त्यांनी तोंड उघडलं. मी त्यांच्याकडे असं बघितलं की त्यांनी ते मिटलं.

डॉक्टर गाडीत बसत होते. अरविंदराव स्टँडवरून परस्पर तिथं पोचले, निरोप मिळाला तसे. मी सगळं सांगितलं, म्हणजे माझं सगळं. डॉक्टरांनी अडकित्ता हातात घेतला, घोड्याचं तोंड बाळाच्या कानाजवळ नेलं. न दाबता, नुसतं जवळ. फुगा जिथून सुरू होत होता बरोबर त्याच जागी ते बसलं.

“आजी,” ते म्हणाले, “हे सकाळी सांगितलं असतं तर?”

“चुकले.”

“कदाचित हेच कारण असेल. कदाचित नसेल. खात्री मी देत नाही. पण मुंबई थांबवायला एवढं पुरेसं आहे.” त्यांनी गाडीची किल्ली खिशात घातली. “पाणी पुन्हा काढू. पण या वेळी नुसती पट्टी नाही. आतली रिकामी जागा दोन्ही बाजूंनी घट्ट मिटून राहिली पाहिजे. मला दोन बटणं हवीत. सपाट, गुळगुळीत.”

“बटणं?” अरविंदराव म्हणाले.

“शर्टाची चालतील. तुमच्या बाहीची बघू.”

आणि मग मी जे बघितलं ते आजवर कुणाला सांगितलं की लोक म्हणतात, काकूंची मगर पुन्हा आली. अरविंदरावांच्या बाह्यांची दोन पांढरी बटणं कापून घेतली, उकळत्या पाण्यात टाकली. बाळाला पोटभर पाजून दुपट्यात घट्ट गुंडाळलं, कान बधिर केला, सुईनं पाणी काढलं. आणि एक बटण कानाच्या पुढून, एक मागून, मधून दोरा, शर्टाला शिवतात तसं शिवून टाकलं. मधे मऊ कापडाची घडी. पोर असं रडलं की खालचा भुसारी दुकान सोडून वर आला. अरविंदराव उघड्या बाह्या धरून भिंतीकडे तोंड करून उभे.

“आता नीट ऐका,” डॉक्टर म्हणाले. “पुढच्या आठवड्यापर्यंत बटणं राहतील. कानाची कड सारखी बघत राहायची. गुलाबी असेल तर ठीक. काळी-निळी पडली तर रक्त पोचत नाही असं समजा, लगेच दोरा कापायचा आणि माझ्याकडे यायचं. कोण बघणार?”

“मी बघते,” मी म्हटलं.

“ती नको,” शैला म्हणाली.

“मी बघते,” विहीणबाई म्हणाल्या.

तो आठवडा कसा काढला ते माझं मला ठाऊक. बाळंतिणीच्या खोलीला उंबरा आहे, त्याच्या अलीकडे मी, पलीकडे त्या दोघी आणि बाळ. मी डिंकाचे लाडू, शेपूची भाजी, गरम पाणी उंबऱ्यावर ठेवायची आणि मागं सरायची. शैला माझ्याशी बोलायची ती ‘हो’ आणि ‘नको’. विहीणबाई तिच्या पाठीमागून माझ्याकडे बघायच्या, मी हनुवटीनं विचारायची, त्या बोटांची चिमूट दाखवायच्या. चिमूट म्हणजे गुलाबी. दिवसातून किती चिमटी मी मागितल्या त्याला गणती नाही.

एकदा चिमूट आली नाही. त्या बाळावर वाकल्या होत्या आणि वाकलेल्याच राहिल्या. मग मान वर केली तर चेहरा पिठासारखा.

“काळी दिसतेय,” म्हणाल्या.

शैला किंचाळली नाही, तिनं नुसती कात्री उचलली. बटणाशेजारी कात्रीचं टोक आणि त्या टोकाशेजारी पोराचा गाल. मी उंबरा ओलांडला. कुणी अडवलं नाही. खरंच कानाच्या कडेला काळी रेघ होती, नखाएवढी. मी वाकले, वास घेतला, आणि पदराचं टोक थुंकीनं ओलं करून ती रेघ पुसली.

गेली. काजळ होतं. गालावरची तीट पोरानं हातानं कानापर्यंत नेली होती.

विहीणबाई तिथंच भिंतीला टेकून खाली बसल्या आणि हसायला लागल्या, आणि हसता हसता ते हसणं भलतीकडेच गेलं. शैलानं कात्री खाली ठेवली. मला म्हणाली, “झालं ना? जा आता.” मी गेले.

ठरल्या दिवशी सगळे पुन्हा त्या खोलीत. डॉक्टरांनी दोरा कापला, बटणं चिनीमातीच्या ताटलीत पडली. कान चपटा होता. पण ते म्हणाले, “थोडं थांबू. भरायचंच असेल तर पुन्हा भरायला लागेल. पाजा त्याला, बसा.”

आम्ही बसलो. भिंतीवर दात किडलेल्या माणसाचं चित्र होतं, ते मी पाठ केलं. बाळ पीत होतं आणि चौघांची नजर एका कानावर. मधेच अरविंदरावांना वाटलं फुगतोय, ते उठले, पुन्हा बसले. डॉक्टर दोन पेशंट बघून आले. बॅटरी काढली, खिडकी लावली, कानामागून उजेड धरला.

या वेळी काही उजळलं नाही. नुसता कान दिसला. आतली वळणं परत आलेली, वरच्या कडेला एक बारीकशी दुमड तेवढी उरलेली.

“मिटलंय,” ते म्हणाले. “ही दुमड राहील कदाचित, पण ऐकू येण्याशी तिचा संबंध नाही. आता बारसं करा.”

शैलानं डोळे मिटून घेतले. अरविंदरावांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला, आणि मग माझ्याकडे वळून शांतपणे म्हणाले, “शैलाला आणि बाळाला आजच दापोलीला नेतो. पुढचं काही इथं नको. राग नाही माझा. पण विश्वास राहिला नाही.”

“खरंय तुमचं,” मी म्हटलं.

“अरविंद,” विहीणबाई म्हणाल्या.

मी त्यांचा पदर ओढला. त्यांनी तो माझ्या हातातून सोडवून घेतला.

“तो अडकित्ता मी शिवला होता.”

“काय बोलता?” मी घाईघाईनं म्हटलं. “अहो, यांना माझ्याबरोबर राहून माझाच वाण लागला. उद्या मगरही सांगतील.”

कुणी हसलं नाही. विहीणबाईंनी माझ्याकडे बघितलंही नाही, त्या मुलाकडे बघत होत्या.

“यांनी माझ्यासाठी खोटं सांगितलं. मी शिवला, आणि का शिवला ते यांना ठाऊक आहे, तुला नाही. तुझ्या आधी एक होता.”

अरविंदराव तसेच उभे राहिले. बाहेर बाजारात कुणीतरी फणसाचा भाव करत होतं.

“भाऊ?” ते म्हणाले.

“हो.”

“नाव काय होतं त्याचं?”

“बारशापर्यंत राहिला नाही,” विहीणबाई म्हणाल्या.

शैला उठली. तिनं बाळ आणून माझ्या मांडीवर ठेवलं, विचारलं नाही, काही बोलली नाही, आणि सासूच्या शेजारी स्टुलावर अर्ध्या जागेत बसली. डॉक्टर खिडकी उघडायला गेले ते तिथंच पाठ करून उभे राहिले. सगळे गप्प, आणि मला सवय अशी की शांतता झाली की मी काहीतरी सांगते. मी बाळाच्या कानावरची ती दुमड बोटानं चाचपत राहिले. मला एकही थाप सुचली नाही.